आजारी माशाची नोंद कुणाच्या वहीत?

कोल्हापूर-सांगलीकडच्या पेपरांत एक फोटो जवळजवळ दरवर्षी ठरलेला. उन्हाळा संपत आला, वळवाचा जोरदार पाऊस पडून गेला की तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी पंचगंगेत पांढऱ्या पोटांचा खच. कधी त्याच्या वर, कधी पार खाली कृष्णेत. 2023 साली तर पावसाचीही वाट बघावी लागली नाही. मार्चमध्येच सांगलीजवळ कृष्णेत मासे तडफडून मेले. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. कार्यकर्ते मेलेले मासे पाटीत भरून साहेबांच्या टेबलावर ओततात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं येतात, बाटल्यांत पाणी भरून घेतात, पंचनामा होतो. कारखाना म्हणतो आमचं नव्हे, नगरपालिका म्हणते वरच्या गावाचं, वरचं गाव बोट दाखवतं कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांकडे. अहवाल येईस्तोवर नदीला नवं पाणी आलेलं असतं. बैल गेला नि झोपा केला.

या गोंधळात एक प्रश्न कुणी विचारत नाही. हे मासे त्या आधीच्या महिन्यात कसे होते? त्यांचे कल्ले कसे दिसत होते, अंगावर व्रण होते का, पोटात काय होतं? याचं उत्तर कुठल्याच सरकारी वहीत सापडत नाही, कारण ही नोंद ठेवायची असते असं आपल्या व्यवस्थेला वाटतच नाही. मेलेला मासा आपल्याकडे पुरावा असतो, आजारी मासा कुणीच नसतो. नदीची देखरेख करायची तर जिवंत माशांची तब्येत, त्यांच्या अंगावरच्या आणि पोटातल्या परजीवींसकट, ठरावीक जागी ठरावीक वेळी तपासली पाहिजे आणि पाण्याच्या आकड्यांशेजारी छापली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी पाण्याच्या आकड्यांचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. एकूण 311 पट्टे, त्यात महाराष्ट्राचे 55, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. 2018 च्या यादीतही 53 पट्ट्यांसह आपणच पुढे होतो. ही यादी ठरते एका आकड्यावर: बीओडी. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं हे माप. नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवायचा, आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजायचा, फरक काढायचा. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित, 30 च्या वर गेलं की पहिल्या क्रमांकाचा प्रदूषित. मैलापाणी ओळखायला हे माप चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण रंगकामाचं, रसायनांचं विषारी पाणी असेल तर त्यात जिवाणूच मरतात, मग प्राणवायू कोण वापरणार? बीओडी कमी दिसतो. पाणी जितकं जहाल, तितका आकडा सोज्वळ, असंही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट वेळेची. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसा ऊन असेपर्यंत प्राणवायू भरपूर असतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि पहाटे पाण्यात काही उरत नाही. उजनीच्या हिरव्या पाण्यावर ज्यांनी जाळी टाकलीत त्यांना हे सांगावं लागत नाही. उजाडायच्या आधी मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला की ते समजून घेतात. नमुना घेणारा साहेब पोचतो अकरा-साडेअकराला, तेही महिन्यातून एखादे दिवशी. त्याच्या कागदावर प्राणवायू उत्तम. तो खोटं लिहीत नाही, पण मासा त्या पाण्यात चोवीस तास असतो.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला माशाची साक्ष नामंजूर नाही. पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्याचे सर्वसाधारण निकष आहेत, त्यात एक ओळ अशी आहे: कारखान्याच्या न पातळ केलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडले तर 96 तासांनी त्यातले 90 टक्के जिवंत असले पाहिजेत. कारखान्यांना मिळणाऱ्या संमतिपत्रांतही ही अट लिहिलेली असते. म्हणजे फाटकाच्या आत माशाचा जीव हे अधिकृत माप आहे. फाटकाबाहेर, जिथे खरे मासे खऱ्या नदीत राहतात, तिथे मात्र त्याची किंमत शून्य. आणि ही फाटकाआतली परीक्षाही मरण्याचीच आहे. चार दिवस जगला की पास. सहा महिने कण्हत जगणाऱ्या माशाबद्दल नियमाला काही म्हणायचं नाही.

तेरवाडला होतं काय तेही नीट बघायला हवं. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की उन्हाळाभर पाणी तुंबतं. कोल्हापूरच्या नाल्यांचं मैलापाणी, इचलकरंजीचं रंगाचं पाणी, कुठून कुठून आलेली मळी, सगळं बंधाऱ्यामागे थरावर थर बसतं. डिस्टिलरीच्या कच्च्या मळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला 40 हजार मिलिग्रॅमच्या पुढे असतो. शहरी मैलापाण्याचा दोन-तीनशे. वळवाच्या लोंढ्याने किंवा बरगे काढल्यावर हा गाळ ढवळतो, काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. ही झाली शेवटची रात्र. त्याआधी चार महिने तोच मासा त्या गाळाच्या वर जगत होता, आणि चार महिन्यांचा तो हिशेब त्याच्या अंगावर लिहिलेला होता.

तो वाचायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. मासळी बाजारात गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं, तिथूनच सुरुवात करता येते. ताज्या, निरोगी माशाचा कल्ला लालभडक असतो आणि त्याचे दाते मोकळे, कंगव्यासारखे सुटे दिसतात. अमोनियाच्या पाण्यात राहिलेल्या माशाचे कल्ले सुजतात, त्यावर चिकट बुळबुळीचा थर चढतो, दाते एकमेकांना चिकटतात. नायट्राइट वाढलं तर रक्तच तपकिरी होतं, कल्ला चॉकलेटी दिसायला लागतो. परांच्या कडा झिजलेल्या, शेपटी कुरतडल्यासारखी, खवले गळून खाली तांबडा व्रण, पाठीचा कणा वाकडा, डोळा बाहेर आलेला, ही सगळी चिन्हं उघड्या डोळ्यांना दिसतात. 1981 मध्ये जेम्स कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने माशांवरून ओढ्या-नद्यांची प्रकृती मोजायची पद्धत मांडली, तेव्हा कुठल्या जातीचे किती मासे याबरोबर अंगावर व्रण, गाठी, व्यंग असलेले किती हाही निकष त्यात ठेवला होता. अनेक देशांनी ती पद्धत आपापल्या नद्यांना बेतून घेतली. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या पाणी कायद्यात तर नदीचा दर्जा ठरवताना मासे बघणं बंधनकारकच आहे. आपल्याकडेही पाण्यातले किडे, अळ्या, गोगलगायी बघून नदीला गुण देण्याची पद्धत केंद्रीय मंडळाने स्वीकारलेली आहे. तेव्हा जिवंत प्राण्यावरून पाणी जोखायचं हा विचार सरकारला परका नाही. तो माशापर्यंत आला नाही, एवढंच.

नुसते मासे आहेत म्हणून नदी बरी, असं मात्र कुणी समजू नये. मांगूर आणि मरळ हवेतून श्वास घेऊ शकतात. चिलापी कुठल्याही डबक्यात तग धरते. जाळ्यात या तिघांखेरीज काही येत नसेल तर भरलेलं जाळं हीच वाईट बातमी. नदीकाठी ‘मासे भरपूर आहेत की’ असं छातीठोक सांगणाऱ्या पुढाऱ्याला आधी कुठले ते विचारावं.

आता परजीवींकडे वळतो, कारण या विषयात सगळ्यांत कमी समजलेली आणि मला विचाराल तर सगळ्यांत कामाची गोष्ट तीच आहे. माशाच्या पोटात जंत निघाला की आपण नाक मुरडतो आणि पाणी घाण आहे म्हणून मोकळे होतो. हे अर्धंच खरं आहे, आणि पुष्कळदा उलटं आहे.

माशाला होणारे परजीवी ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. एक अंगावरचे: कल्ल्यातले बारीक चपटे कृमी, ट्रायकोडिनासारखे एकपेशीय जीव, मत्स्यशेतीवाले ज्याला माशाची ऊ म्हणतात तो अर्ग्युलस, आणि अंगात डोकं रुतवून बसणारा अँकर वर्म. यांना माशाखेरीज दुसरं घर लागत नाही. पाणी मैलं झालं, माशाची ताकद कमी झाली, बुळबुळ वाढली की यातल्या पुष्कळांची चंगळ होते. दुसरे पोटातले. यांचा प्रवास लांबचा असतो. अंडं पाण्यात पडतं, ते आधी सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला एखादा बारीक जीव नाहीतर गोगलगाय गिळते, तिच्यात अळी वाढते, मग ती माशात, काही वेळा माशातून पाणपक्ष्यात. सायक्लॉप्स हा शब्द चाळिशीपुढच्या मराठी वाचकाला नारूमुळे ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी फडक्याने गाळून प्या म्हणून सांगायचे ते त्या सायक्लॉप्ससाठीच. देश नारूमुक्त जाहीर झाला तो 2000 साली. माशातल्या कित्येक पट्टकृमींना, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांना, हीच सायक्लॉप्सची शिडी लागते. पाण्यात विष आलं की आधी सायक्लॉप्स मरतो, गोगलगाय मरते, पक्षी येईनासे होतात. शिडीची एक पायरी तुटली की जंत संपला.

म्हणून नदीतल्या वामीचं, म्हणजे सापासारख्या लांब माशाचं, पोट एकाएकी स्वच्छ निघायला लागलं, एकही जंत सापडेना, तर आनंद मानण्याआधी कल्ले बघावेत. कल्ल्यात किडे वाढलेत आणि पोटातले जंत नाहीसे झालेत, हे जोडचित्र दिसलं तर त्या नदीची आतली साखळी मोडत चालली आहे असं समजायला जागा आहे. आणि यातही अपवाद आहेत, तेच खरं डोकं वापरायला लावतात. मांगुराच्या आतड्यात लायटोसेस्टस नावाचा कृमी सापडतो. त्या वर्गातले कृमी गाळातल्या ट्युबिफेक्ससारख्या लाल अळ्यांमधून येतात, मत्स्यालयवाले माशांना खायला घालतात त्याच. ट्युबिफेक्सला मैलापाण्याचा गाळ मानवतो. म्हणजे हा पोटातला असूनही घाणीबरोबर वाढू शकतो. जंत किती, याला फारसा अर्थ नाही. कुठले, आणि मागच्या वर्षी कुठले होते, याला आहे.

आता बघा, हे ज्ञान आपल्याकडे नाही असं म्हणायची सोय नाही. औरंगाबादच्या तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाने माशांतल्या पट्टकृमींवर इतकं काम केलंय की त्या नावांतून मराठवाड्याचा नकाशा काढता येईल. वाम या माशातल्या सेंगा या एकाच प्रजातीत सेंगा गोदावरी, सेंगा पैठणेन्सिस, सेंगा औरंगाबादेन्सिस अशा जाती 1980 च्या सुमाराला नोंदवल्या गेल्या. त्यानंतरही या भागात कित्येक प्रबंध वामीच्या, मांगुराच्या आणि मरळीच्या आतड्यांवर झाले. यातल्या बऱ्याच जाती खरोखर वेगळ्या आहेत का यावर पुढे परदेशी तज्ज्ञांनी शंका घेतली, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला सलतं ते निराळंच. इतकी वर्षं इतके मासे फाडले गेले, डोक्याला हुक किती आणि अंडाशय कुठल्या आकाराचा याची चित्रं काढली गेली, पण गोदावरी नाशिकपासून नाथसागरापर्यंत या काळात कशी बदलत गेली हे त्या आतड्यांतून वाचायचं काम फारसं कधी झालं नाही. नवी जात सापडली की पेपर छापून येतो, पदवी मिळते. जुनीच जात यंदा निम्म्यावर आली, हे छापायला कोण तयार आहे? आणि मासा बाजारातून आणलेला असेल तर तो कुठल्या डोहातला हेही कळायला मार्ग नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही, त्यांना विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

बाहेर हाच प्रश्न वेगळा विचारला गेला. जर्मनीच्या रूर नदीतल्या माशांच्या आतड्यात एक काटेरी डोक्याचा कृमी असतो. बर्न्ड झुरेस आणि सहकाऱ्यांनी तो तपासला तेव्हा त्याच्यात शिशाचं प्रमाण त्याच माशाच्या मांसापेक्षा 2700 पट सापडलं. पाण्यात आणि मांसात शिसं यंत्रालाही जेमतेम कळावं इतकं थोडं, आणि हा बोटभरसुद्धा नसलेला जंत ते साठवून बसलेला. नदीत शिसं येतंय का हे विचारायचं तर पाण्याला विचारण्यापेक्षा या जंताला विचारणं सोपं. जाता जाता, माशातले जंत नीट शिजवल्यावर मरतात, रश्श्याला घाबरायचं कारण नाही. जड धातू कितीही उकळले तरी जात नाहीत, घाबरायचं तर त्यांना.

माशाची तब्येत बघून नदीचं काय कळतं याचा मला पटलेला दाखला अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा आहे. तिथल्या ब्लॅक रिव्हरमध्ये तळाशी राहणाऱ्या बुलहेड नावाच्या, आपल्या शिंगट्यासारख्या मिशांच्या माशाला यकृताचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात होत होता. वर पोलाद कारखान्याचा कोकचा प्लांट होता, त्याची डांबरी रसायनं गाळात बसली होती. 1983 मध्ये तो प्लांट बंद झाला आणि चार वर्षांत कॅन्सर असलेल्या माशांचं प्रमाण पाव हिश्शावर आलं. पुढे तळाचा विषारी गाळ उपसला, तेव्हा ढवळलेल्या गाळामुळे कॅन्सर पुन्हा वाढला, आणि मग पार खाली आला. बिघडणं, सुधारणं, उपसताना पुन्हा बिघडणं, सगळं त्या एका माशाच्या यकृतात उमटलं. हे दिसलं कारण प्लांट बंद व्हायच्या आधीपासून कुणीतरी नोंदी ठेवत होतं.

यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. मासा फिरता आहे, वर आजारी पडला नि खाली सापडला तर? शिवाय मत्स्यव्यवसाय खातं आणि संस्था धरणांत कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडतात. त्यांचा रोग हॅचरीतून आलेला असू शकतो. दोन्ही खरं. म्हणूनच सोडलेले मासे या कामाला घ्यायचे नाहीत. वाम, शिंगटा असे तळाशी राहणारे, कुणी न सोडलेले मासे घ्यायचे आणि शहराच्या वरचा पट्टा नि खालचा पट्टा शेजारी शेजारी ठेवून बघायचा. आजार ऋतूप्रमाणेही बदलतो. 1988 साली ईशान्येकडून देशात शिरलेला, मरळीच्या अंगाला खोल व्रण पाडणारा बुरशीचा रोग थंडीत बळावतो, त्याचं खापर एखाद्या कारखान्यावर फोडलं तर ते अन्यायाचं होईल. एका सहलीत एक मासा उचलून फोटो टाकणाऱ्यांपासून या पद्धतीला म्हणूनच धोका आहे. तीन-चार वर्षांची, एकाच महिन्यातली, त्याच जागेची नोंद असल्याखेरीज काही बोलू नये.

सगळ्यांत मोठा आक्षेप वकिलांचा असेल: आजारी मासा कोर्टात टिकत नाही, तो कुणाचं नाव सांगत नाही. बरोबर आहे. पण पंचनाम्यातली पाण्याची बाटली तरी कुठे कुणाचं नाव सांगते? माशाने गुन्हेगार दाखवावा अशी अपेक्षाच नाही. बाटली कुठे, केव्हा आणि कशासाठी भरायची हे त्याने सांगितलं तरी पुरे. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइट मोजा, यकृतात गाठी दिसल्या तर गाळ तपासा, पहाटे मासा वर येतोय म्हणून भोई सांगत असेल तर पहाटे चारला नमुना घ्या. आज आपण अंधारात सगळीकडे सारखीच बॅटरी मारतोय.

करायचं कुणी, तर माणसं आहेत. नदीवर रोज उतरणारा भोई समाज, त्यांच्या सहकारी संस्था, आणि तालुक्या-तालुक्यातल्या कॉलेजांचे प्राणिशास्त्र विभाग. विद्यार्थ्यांनी प्राणी फाडण्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्बंध आणले, ते ठीकच आहे. पण बाजारात रोज मासा साफ करताना फेकून देतात ती आतडी नि कल्ले फुकट मिळतात. मासा कुठून पकडला हे पकडणाऱ्याने जागेवरच लिहिलं पाहिजे, आणि त्या लिहिण्याचे त्याला पैसे मिळाले पाहिजेत. ‘सहभाग’ या गोड शब्दाखाली गरिबाकडून फुकट काम करून घ्यायची आपली सवय इथे चालायची नाही. मासेमाऱ्याने नदीबद्दल तक्रार केली तर त्याचाच मासा विकला जाईनासा होतो, घासलेटचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक आधीच दूर गेलेलं असतं. म्हणून नोंद त्याची असली तरी ती जाहीर करायची जबाबदारी मंडळाची असली पाहिजे.

सुरुवात कुठे करावी म्हणाल तर पुण्यात. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून, सगळे ज्याला जायका म्हणतात त्या योजनेत, सुमारे 990 कोटींचं काम आणि 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं मंजूर झाली. ही सगळी केंद्रं पूर्ण भाराने चालायला लागली की नदी सुधारली का हा प्रश्न विधानसभेत, पालिकेत, पेपरांत सगळीकडे विचारला जाईल आणि उत्तर म्हणून बीओडीचा तक्ता पुढे केला जाईल. मुंढव्याच्या खाली, थेऊरला, भीमेच्या संगमापाशी आणि तुलनेसाठी वर खडकवासल्याच्या मागे, या चार जागी यंदाच्या हिवाळ्यात वाम नि शिंगटा किती मिळतात, त्यांचे कल्ले, अंग, आतडी कशी आहेत, एवढं लिहून ठेवायला दोन कॉलेजं आणि गावोगावचे भोई पुरतील. केंद्रं पुरती सुरू झाल्यावर ‘आधीची नदी’ मोजायची संधी परत येणार नाही.